शिडाची होडी समुद्रापार न्यायची, तर आधी काय ठरवावे?

समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीवर राहणाऱ्या मावळातील माणसांनी समुद्रातील होडीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्याकडे नद्या आहेत, धरणे आहेत, भातखाचरे आहेत. समुद्र नाही. परंतु जूनमध्ये जो नैऋत्य वारा अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतो आणि लोणावळ्यावर चार महिने पाऊस ओततो, तोच वारा दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीची जहाजे कोकणच्या बंदरांत आणीत होता. लोणावळ्याला पाऊस मोजतात मिलिमीटरमध्ये, खलाशी तोच वारा मोजतो दिवसांमध्ये. एवढाच काय तो फरक!

अलीकडच्या वर्षांत शिडाच्या नौकांच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागल्या आहेत. नौदलाच्या मुली पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेले जहाज मस्कतला निघाले, अशा बातम्या आपण वाचतो. बातमीत निघतानाचा फोटो असतो आणि पोहोचल्याचा फोटो असतो. त्या दोन फोटोंच्या आधी कित्येक महिने जो हिशेब चालतो, तो मात्र कोणी सांगत नाही. आमच्या मते खरी विद्या त्या हिशेबातच आहे, आणि ती काही श्रीमंतांच्या क्लबातच शिकता येते असे नाही. हंड्याने पाणी मोजणाऱ्या आणि पगाराच्या तारखेपर्यंत डबा पुरवणाऱ्या घराला तर ती चटकन समजावी.

'पोहोचवणी' म्हणजे काय?

होडी एका ठिकाणी बांधली जाते किंवा विकत घेतली जाते आणि मालक असतो दुसऱ्या देशात. मोठ्या जहाजावर चढवून ती पाठवता येते, पण त्याला पैसा फार लागतो. मग चार-सहा माणसे ती होडी शिडावर चालवत नेऊन मालकाच्या बंदरात पोहोचवतात. ट्रक पोहोचवणारा ड्रायव्हर असतो ना, तसेच हे काम. फरक इतकाच की वाटेत ढाबा नाही, गॅरेज नाही आणि ब्रेक तर मुळीच नाही.

याचे एक उदाहरण आपल्या लोकलच्या रुळांजवळ सापडते. पुणे-लोणावळा लोकलने जाताना दापोडीला लष्कराच्या अभियंता दलाचे मोठे कॉलेज लागते. या अभियंता दलाच्या जवानांनी १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये घेतलेली एक ३७ फुटी शिडाची नौका समुद्रमार्गे मुंबईला आणली. ही झाली पोहोचवणी. मग त्याच नौकेतून २८ सप्टेंबर १९८५ ला मुंबईहून निघून १० जानेवारी १९८७ ला ते पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. शिडाच्या नौकेतून झालेली ही पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा. त्या नौकेचे नाव होते 'तृष्णा'! आपल्या वाचकांना हे नाव ऐकून हसू येईल. तृष्णा सोडावी असे आपण ऐकत आलो, आणि या मंडळींनी तिच्यातच बसून जग पालथे घातले.

पुढे नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात आले की भारतीय माणसाने एकट्याने शिडावर जगाला फेरी मारली पाहिजे. हे आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी या खेड्यात राहत. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आग्रहातून गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलाच्या ताब्यात आली. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात तिच्यातून एकट्याने प्रदक्षिणा केली. पण त्याआधी त्यांनी काय केले ते पाहा. सहकारी घेऊन ते गोव्याहून मॉरिशसला गेले आणि परत येताना एकटे आले. मोठ्या कामाची तालीम एका लहान, पण खऱ्या सफरीवर झाली. पुढे नौदलाच्या सहा मुलींच्या तुकडीनेही मे ते जुलै २०१६ मध्ये 'म्हादेई'तून हीच गोवा-मॉरिशस फेरी केली.

म्हणून आम्ही हीच वाट उदाहरणाला घेतो. समजा, गोव्यात बांधलेली एक शिडाची होडी मॉरिशसच्या मालकाला पोहोचवायची आहे आणि जाणारे सहा जण आहेत. सुरुवात कुठून करावी?

आधी तारीख, मग बाकी सर्व

नकाशावर गोवा ते मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर सरळ रेषेत सुमारे २,३५० सागरी मैल भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अशी होडी चांगल्या वाऱ्यात तासाला पाच-सहा मैल चालते, आणि पाचच धरावे असा शहाण्याचा नियम आहे. पाच सागरी मैल म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. सायकलवाला तिला सहज मागे टाकील. पुण्याहून लोणावळ्याला लोकल दीड तासात येते, तिथे ही होडी सात तास घेईल. मात्र ती थांबत नाही, रात्रंदिवस चालते. पाच गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला १२० मैल. या हिशेबाने २,३५० मैलांना वीस दिवस लागतात.

हा झाला कागदावरचा हिशेब. शिडाची होडी वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून चालत नाही. वारा समोरून असेल तर नागमोडी जावे लागते, घाट चढताना वळणे घेतो तसे. मग दोन हजारांचे तीन हजार मैल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न 'किती दूर' हा नसतो. 'कोणत्या महिन्यात' हा असतो.

आणि इथेच खरी पंचाईत आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत आपल्या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा असतो. आभाळ निरभ्र, समुद्र शांत, वारा पाठीवर. दक्षिणेला जायला याहून चांगले दिवस नाहीत. पण विषुववृत्ताच्या पलीकडे तेव्हा काय चालू असते? तिथे नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम! म्हणजे घरून निघायला मुहूर्त चांगला, पण पोहोचायच्या गावात आग लागलेली. बरे, तिकडची वादळे संपू द्यावीत म्हणून मे महिन्यापर्यंत थांबावे, तर इकडे अरबी समुद्रात मे-जूनमध्ये आपली चक्रीवादळे उठतात आणि त्यांच्या पाठोपाठ पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा थेट तोंडावर. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा अरबी समुद्रातील वादळांचे दिवस. मध्ये विषुववृत्तापाशी एक पट्टा असा की तिथे वारा पडतो तो पडतोच. शिडे ओल्या धोतरासारखी लोंबतात.

तेव्हा बारा महिन्यांपैकी निर्धोक असा एकही महिना हाती लागत नाही. दोन हंगामांच्या सांध्यावर एखादी फट सापडते, एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मेचे पहिले दिवस, आणि तीही दरवर्षी सारखी नसते. होडी तयार ठेवायची, माणसे तयार ठेवायची आणि वेधशाळेचा अंदाज रोज पाहत बसायचे. मालक फोनवर विचारतो, 'कधी निघता?' माणसांच्या रजा संपत येतात, धक्क्याचे भाडे चढत असते. अशा वेळी 'आज नाही' म्हणणे हे त्या कप्तानाचे सर्वांत अवघड काम. पगारी माणसाला मालकापुढे 'आज नाही' म्हणणे किती जड जाते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून जाणती मंडळी करार करतानाच तारखेऐवजी मुदत लिहून घेतात, आणि हवामानाचा शेवटचा शब्द कप्तानाचा, असे कलम घालून घेतात. वारा कोणाच्या शिपायासारखा हजर होत नाही, हे मालकाला कागदावर कबूल करायला लावायचे.

पृथ्वीप्रदक्षिणेचाही हिशेब असाच उलटा मांडतात. दक्षिण अमेरिकेचे टोक जे केप हॉर्न, तिथला समुद्र इतका भयंकर की तो तिकडच्या उन्हाळ्यातच ओलांडावा. दोंदे यांनी तो जानेवारी २०१० मध्ये ओलांडला आणि 'तारिणी'वरील मुलींनी जानेवारी २०१८ मध्ये. आधी केप हॉर्नचा महिना पक्का करायचा आणि तिथून मागे मोजत येऊन घरून निघायचा महिना काढायचा. परीक्षेच्या तारखेवरून अभ्यासाचे दिवस मोजणारा विद्यार्थी हेच करतो.

कार्ल्याच्या खांबांवरचे दर्यावर्दी

हे वाऱ्याचे गणित नवीन नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे प्रवासवर्णन आहे. त्यात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून भारताकडे जुलैच्या सुमारास निघावे असे सांगितले आहे आणि सोपारा व कल्याण यांची नावेही आहेत. जुलैत निघालेले जहाज आपल्या पावसाळी वाऱ्यावर पूर्वेला येई. माल विकून, नवा भरून, डिसेंबर-जानेवारीच्या ईशान्य वाऱ्यावर परत जाई. मधले महिने काय करायचे? थांबायचे. बंदरात थांबायचे, नाहीतर माल घेऊन बोरघाट चढायचा आणि देशावरच्या बाजारात जायचे.

त्या वाटेवरच आपली कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर्षातून एकदा तरी जाणारी कुटुंबे आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी जाल तेव्हा खांबांवरील ब्राह्मी अक्षरे मुलांना अवश्य दाखवा. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे परदेशी लोकांनी, तिथले कित्येक खांब दान दिले आहेत. एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित या धम्मप्रवचनकाराचे नाव आहे. दाराशी वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केल्याचे कोरले आहे. त्या काळी परदेशाहून आलेल्याची समुद्रयात्रा इथे कोणी विटाळ मानली नाही. त्याचे नाव सन्मानाने दगडात कोरले गेले. समुद्र ओलांडला तर जात जाते, हा नियम धर्मग्रंथांचा.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा रंगवली आहे. त्याच्या भावाचे चंदनाने भरलेले जहाज वादळात सापडते आणि पूर्ण ते वाचवतो, अशी ती कथा. त्या जहाजाची शिडे सगळे पाहतात. आमचे लक्ष मात्र मागच्या बाजूला ओळीने मांडलेल्या रांजणांकडे गेले. आम्हाला तरी ते पिण्याच्या पाण्याचेच वाटतात. चित्रकाराला नियोजन ठाऊक होते! वाट चुकू नये म्हणून त्या काळचे खलाशी पक्षी बरोबर नेत. दीघनिकायातील केवट्टसुत्तात असा पक्षी येतो. तो जहाजावरून सोडायचा, जमीन दिसली तर तो तिकडे जातो, नाही दिसली तर परत येतो. आज त्या पक्ष्याची जागा जीपीएसने घेतली आहे, पण जीपीएस बंद पडले तर म्हणून कागदी नकाशा, होकायंत्र आणि सूर्याची उंची मोजण्याचे यंत्र आजही बरोबर ठेवतात.

अजिंठ्याच्या या जहाजचित्रावरून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. गोव्यात केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. लोखंडी खिळ्यांवर ते उभे नाही. चौकोनी शिडे, आणि इंजिन नाही. अशा जहाजाला उलट्या वाऱ्याशी भांडणे जमतच नाही. म्हणून डिसेंबरचा शेवट, म्हणून ईशान्येचा वारा. दोन हजार वर्षांत तारखेचे गणित काही बदलले नाही.

सहा माणसांचे घर

आता आपल्या मॉरिशसच्या होडीकडे परत येऊ. तारखेची फट ठरली की घर भरायला घ्यायचे.

सर्वांत आधी पाणी. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरले तर सहा जणांना वीस दिवसांसाठी ४८० लिटर लागते. पण वीस दिवस हा आशेचा आकडा आहे. पाणी निदान तीस दिवसांचे घ्यावे, म्हणजे ७२० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर ४८ हंडे. ज्या मायबहिणींनी उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहून हंड्याहंड्याने घर चालवले आहे, त्यांना या आकड्याचे वजन कळेल. आणि त्यांना माहीत असलेली दुसरी गोष्टही इथे लागू पडते. सगळे पाणी एका टाकीत ठेवू नये. एक टाकी फुटली किंवा तिच्यात खारे पाणी शिरले, तर दुसरी राहते. काही भाग कॅनमध्ये वेगळा बांधून ठेवतात आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र मोठ्या नौकांवर असते, पण ते चालणारच असे धरून टाक्या कमी भरणारा माणूस कप्तान व्हायच्या लायकीचा नाही. आंघोळ आणि भांडी समुद्राच्या पाण्यावर. भात शिजवताना थोडे खारे पाणी घातले की मीठही वाचते.

धान्याचे काय? तांदूळ, डाळ, पोहे, रवा, गूळ, शेंगदाणे, लोणचे, कांदे, बटाटे, लसूण, लिंबे. कांदे-बटाटे जाळीत टांगायचे, हवा लागली की टिकतात. हिरवी भाजी पहिल्या चार-पाच दिवसांत संपवायची. अंड्यांना तेलाचा हात लावून ठेवतात आणि अधूनमधून उलटतात. डब्यांवरील कागदी लेबले ओलाव्याने निघतात, म्हणून रंगाने नावे लिहायची. नाहीतर विसाव्या दिवशी डाळ म्हणून उघडलेला डबा साखरेचा निघतो. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. होडी कलली तरी पातेले सपाट राहते. पहिले दोन-तीन दिवस मात्र कोणाला फारसे जेवण जात नाही. समुद्र लागतो, चांगल्या चांगल्यांना लागतो. त्या दिवसांसाठी पेज, कोरडा टोस्ट, आले-लिंबू हाताशी ठेवायचे. भूक परत आली की सहा जणांची भूक बारा जणांइतकी होते, हेही हिशेबात धरावे.

मग झोप. होडी चोवीस तास चालणार, म्हणजे कोणीतरी सतत जागे पाहिजे. दोघे-दोघे मिळून चार तास पहारा आणि आठ तास विसावा, अशी साधारण वाटणी असते. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत तिन्ही शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. रात्रीच्या शिफ्टला माणूस कधी चुकतो, पहाटे तीन ते पाच, तेही त्यांना ठाऊक आहे. समुद्रातही तेच दोन तास घातकी. म्हणून रात्री डेकवर येणाऱ्याने कमरेचा पट्टा दोरीने होडीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, हा नियम सर्वांना सारखा. कप्तानालाही सूट नाही. अंधारात पडलेला माणूस सापडणे जवळजवळ अशक्य असते. एकटा प्रवासी तर वीस-तीस मिनिटांचा गजर लावून तुकड्यातुकड्यांनी झोपतो. दोंदे यांनी असे कित्येक महिने काढले.

इंजिन आणि लोणावळ्याची शाळा

शिडाच्या होडीलाही एक लहान डिझेल इंजिन असते. बंदरात शिरायला, बॅटऱ्या भरायला आणि वारा पडला तर पुढे सरकायला ते हवे. नवखा माणूस म्हणतो, वारा नसला तर इंजिनवर जाऊ की! हिशेब करून पाहू. इंजिन तासाला तीन लिटर खाते आणि होडीत ३०० लिटर डिझेल आहे. म्हणजे शंभर तास, पाचशे मैल. वाट आहे २,३५० मैलांची. एक पंचमांश वाट इंजिनाची, बाकी वाऱ्याची. ते पाचशे मैल कुठे खर्च करायचे, हे निघण्यापूर्वी ठरवतात. बहुतेक सगळे त्या विषुववृत्ताच्या निपचित पट्ट्यासाठी राखून ठेवतात.

आणि बंद पडले तर? वाटेत मिस्त्री नाही. डिझेलचे फिल्टर, थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा, पट्टे, नट-बोल्ट असे सर्व दुहेरी न्यायचे आणि ते काळोखात, हलत्या होडीत बदलता येईल असा एक माणूस बरोबर पाहिजे. इथे लोणावळ्याचा संबंध येतो. भुशी धरणाच्या रस्त्याने वर गेले की नौदलाची 'आय.एन.एस. शिवाजी' लागते. १५ फेब्रुवारी १९४५ पासून हे जहाजांच्या यंत्रविद्येचे शिक्षण देणारे ठाणे डोंगरावर आहे. पर्यटकांच्या गाड्या तिच्या फाटकावरून टायगर पॉइंटकडे जातात आणि आत काय शिकवतात याची कोणाला फिकीर नसते. पण आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. भर समुद्रात कविता करणारा भेटला तर ठीकच. फिल्टरमधील पाणी काढून इंजिन चालू करणारा मात्र सर्वांना हवा असतो. शिडे शिवायची जाड सुई, तळहातावरचे चामडी कवच, मेणाचा दोरा हेही त्याच पेटीत. चांभारकामाची आणि शिवणकामाची हत्यारे जगाच्या प्रत्येक शिडाच्या होडीवर मानाने ठेवलेली असतात.

मोडतोड होतेच. 'तारिणी' ही 'म्हादेई'चीच बहीण. तिच्यातून सहा मुली, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या. जग पालथे घालून परत येताना हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा नादुरुस्त झाली. ठरलेल्या थांब्यांत पोर्ट लुई नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये त्या तिकडे वळल्या, दुरुस्ती केली, आणि २१ मे २०१८ ला गोव्याला पोहोचल्या. प्रत्येक टप्प्यावर 'मोडले तर कुठे वळायचे' ते बंदर आधीच नकाशावर खुणावलेले असते. गोवा-मॉरिशस वाटेवर मालदीव, चागोस, सेशेल्स अशा खुणा करता येतात. पण बेट दिसले म्हणून तिथे उतरता येतेच असे नाही. चागोसला परवानगीशिवाय थांबता येत नाही.

कागद आणि परत फिरण्याचा निर्णय

कागदपत्रांत आम्ही फार शिरत नाही. होडीची नोंदणी, विमा, सर्वांचे पासपोर्ट, खलाशांची यादी, बंदर सोडल्याचा दाखला, कस्टम आणि इमिग्रेशनचे शिक्के. एकही शिक्का राहिला तर पलीकडच्या बंदरात होडी अडकते. पोहोचवणाऱ्यांनी मालकाकडून परतीच्या विमानाचे तिकीट आधी घ्यावे, हा मात्र आमचा आग्रह राहील.

जीव वाचवण्याची साधने वेगळी. फुगणारा तराफा, पाण्यात पडताच उपग्रहाकडे हाक देणारे यंत्र, औषधांची पेटी. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याच्या शर्यतीत असताना कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला. हलता येईना. तरी संदेश गेला, नौदलाच्या विमानाने नौका हुडकली, आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. हेच टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. यंत्र होते म्हणून हाक ऐकली गेली, हे खरे. पण त्या यंत्राची बॅटरी निघण्यापूर्वी कोणीतरी तपासली होती, हेही तितकेच खरे.

मावळात आम्ही दर पावसाळ्यात याच्या उलट पाहतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. रविवार होता, सहल ठरली होती, लेकरे खूष होती. डोंगरावर पाऊस वाढला की ओढा काही मिनिटांत चढतो. ठरलेली सहल 'आज नाही' म्हणून मोडणे त्या क्षणी किती कठीण असते! समुद्रावर जाणारे लोक हा निर्णय घरीच, शांत डोक्याने घेऊन ठेवतात. वाऱ्याचा वेग अमुक झाला तर शीड कमी करायचे, तमुक झाला तर वळायचे, वादळाचा पट्टा इतक्या मैलांवर आला तर बंदर गाठायचे. हे आकडे वहीत लिहून सर्वांच्या सह्या घेतात, म्हणजे ऐनवेळी हिमतीची भाषा बोलणाऱ्याला वही दाखवता येते.

मॉरिशसविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८३४ पासून आपल्या देशातील हजारो गरीब माणसे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला त्या बेटावर नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण पाळतात. तेव्हाची जहाजे शिडाचीच. पोर्ट लुईला ज्या पायऱ्यांवर त्यांना उतरवले, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या माणसांना तारीख कोणी विचारली नव्हती, पाण्याचा वाटा कोणी सांगितला नव्हता. मुकादमाने बोट दाखवले तिकडे ती चढली. १८४ वर्षांनी त्याच बंदरात सहा भारतीय मुली स्वतःच्या हुकुमाखालची नौका घेऊन शिरल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. तर दोघीच 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला जग फिरून गोव्यात परतल्या. तारीख कोणी ठरवायची, यात किती अंतर पडले ते यावरून दिसते.

तर आपली होडी, सर्व नीट जमले तर, पंचवीस-सत्तावीस दिवसांनी पोर्ट लुईच्या धक्क्याला लागेल. पिवळा बावटा चढवून अधिकारी येईपर्यंत कोणी उतरायचे नाही. शिक्के झाले की मालक येतो, पण काम अजून संपलेले नसते. शिडे गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची, तळातले पाणी उपसायचे, सामानाची यादी ताडून पाहायची. वाटेत काय मोडले, काय तात्पुरते बांधले, कोणता दोर झिजला, हे सर्व लॉगबुकात तारीखवार असते, त्याची नक्कल मालकाला द्यायची. शेवटी काठी घालून टाक्यांतले पाणी मोजतात आणि किती लिटर उरले ते वहीत लिहून, मग किल्ली हातात देतात.